लोहाराने दिलेली वाट



हिवाळ्याचे दिवस आले म्हणजे शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. कोठे जावे, डब्यात काय न्यावे, गाडीत कोणी कोणाशेजारी बसावे, या प्रश्नांचा वर्गावर्गांतून मोठा खल चालतो. परंतु तेथे पोहोचल्यावर चालावे कसे व पाहावे काय, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत क्वचितच भेटला. पाय सर्वांनाच आहेत. मग चालण्यात शिकण्यासारखे काय आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हे आपल्या जवळच्याच एका वनात फिरता फिरता तपासून पाहावे, एवढ्याकरिता हा लेख लिहिला आहे. त्यातच, एका विद्यार्थ्याने मला विचारलेला व ज्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही असा एक प्रश्नही सांगावयाचा आहे. शिक्षकालाही कधी कधी उत्तर सुचत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे.

१. वनाचा परिचय

मुंबईच्या उत्तरेस, बोरीवली स्टेशनाहून थोडेसे पूर्वेकडे चालत गेले म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य द्वार लागते. यास पूर्वी कृष्णगिरी उपवन व त्यानंतर बोरीवली राष्ट्रीय उद्यान असे म्हणत. त्याचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून तो मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. एका अंगास मुंबईच्या उंच इमारती, दुसऱ्या अंगास ठाण्याच्या वसाहती, आणि मध्ये साग, खैर, पळस, बांबू यांचे दाट रान, अशी याची रचना आहे. एवढ्या मोठ्या नगराच्या अगदी कुशीत बिबट्या राहतो, हे परगावच्या पाहुण्यास सांगितले तर त्याचा प्रथम विश्वास बसत नाही.

या वनात दोन मोठे तलाव आहेत. विहार तलाव १८६० साली व तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. आजही या दोन्ही तलावांचे पाणी मुंबईस जाते. म्हणजे जो मुंबईकर या वनात कधीच गेला नाही, त्याच्या घरीही हे वन नळावाटे थोडेफार येत असते. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी या झाडीतूनच वाहत पुढे नगरात शिरते. वनात तिचे पाणी कसे दिसते व नगरात कसे दिसते, हे एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी उभे राहून पाहावे. त्यावर निराळे व्याख्यान देण्याची आवश्यकता राहणार नाही.

येथील डोंगरउतारांवर कारवी नावाचे झुडूप विपुल आहे. ते आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्या वर्षी सारा उतार जांभळा होतो, बी पडते आणि फुललेले झुडूप वाळून जाते. येथील कारवी २०१६ साली फुलली व त्यानंतर २०२४ साली. सातवीतील ज्या मुलाने तो बहर पाहिला, तो पुढचा बहर पाहील तेव्हा शाळा सोडून गेलेला असेल. निसर्गाचे काही धडे एका वार्षिक परीक्षेत बसत नाहीत, ते असे.

२. चालण्याची रीत

उद्यानाच्या द्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरांचा रस्ता आहे. वाहनानेही जाता येते. परंतु ज्यास वन पाहावयाचे आहे त्याने होता होईल तो पायीच जावे. सकाळी लवकर निघावे. पायांत जुने, सवयीचे व तळाला पकड असलेले जोडे असावेत. सहलीसाठी नवे जोडे घालणारा विद्यार्थी परतताना ते हातात घेऊन येतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. पाणी प्रत्येकाने आपापले घ्यावे. पावसाळ्यात खडकातील पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात व ओढे पाहता पाहता चढतात; म्हणून मुलांच्या मोठ्या तुकडीने मार्गशीर्ष-पौषातच जाणे बरे.

चालताना सर्वांत सावकाश चालणाऱ्या विद्यार्थ्यास पुढे ठेवावे. हा नियम ऐकून चपळ मुले नेहमी कुरकुर करतात. परंतु चपळ मुले पुढे गेली म्हणजे तुकडीची माळ अर्धा मैल लांबते. पुढचे थांबून विसावा घेतात, आणि दमलेला मागचा येऊन पोहोचतो न पोहोचतो तोच ते पुन्हा निघतात. ज्यास विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यासच ती मुळीच मिळत नाही. सावकाश चालणारा पुढे असला म्हणजे तुकडी एकत्र राहते, आणि चपळ मुलांना इकडेतिकडे पाहण्यास वेळ मिळतो. सर्वांच्या मागे मात्र एक समंजस व सशक्त गडी हवा; त्याच्या मागे कोणी राहू नये.

बोलणे बंद ठेवले तर हे वन आपण होऊन बोलू लागते. भृंगराज पक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल इतकी हुबेहूब करतो की, झाडावर चार पक्षी आहेत असे वाटून आपण पाहू लागावे व तेथे एकटा तोच बसलेला आढळावा. माकडांना खाऊ देऊ नये. आज दिलेला घास उद्या दुसऱ्या लहान मुलाच्या हातून हिसकावला जातो. बिबट्या बहुधा माणसास टाळतो व त्याचा फिरण्याचा समय रात्रीचा. म्हणून वाट सोडून झाडीत एकटे शिरू नये आणि सांज होण्यापूर्वी द्वाराबाहेर पडावे. वनखात्याने जी वाट खुली ठेवली असेल तीच आपली. वनात वारली लोकांचे पाडेही आहेत. ती माणसांची घरे होत. आपल्या घरात कोणी अनोळखी मनुष्याने डोकावलेले आपणास आवडेल काय, हे मनाला विचारावे व मग पुढे जावे.

३. कान्हेरीचा डोंगर

‘कान्हेरी’ हे नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून आले. येथील जुन्या लेखांतूनच ते ‘कण्हगिरी’ असे आढळते. या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठी त्यांचे खोदकाम सुरू झाले आणि ही वसाहत जवळजवळ सहस्र वर्षे नांदली. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची भरभराटीची व्यापारी नगरे; त्यांच्यापासून हा डोंगर फार दूर नाही. भिक्षूंना एकांत हवा, आणि भिक्षा व दान यांसाठी माणसांची वस्तीही फार लांब नको. या दोन्ही गोष्टी येथे जुळून आल्या.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे येथील मोठे चैत्यगृह. ते सुमारे ८६ फूट लांब व ४० फूट रुंद असून आत ३४ खांब आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन व गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी ते करविले, असे तेथील लेखावरून कळते. ओसरीच्या दोन्ही टोकांस बुद्धाच्या दोन भव्य उभ्या मूर्ती आहेत. त्यांच्या पायाशी उभे राहिले म्हणजे आपला वर्गातला सर्वांत उंच विद्यार्थीही एकाएकी लहान होतो.

परंतु मला येथे सर्वांत विस्मय वाटतो तो पाण्याच्या व्यवस्थेचा. बहुतेक प्रत्येक लेण्याजवळ खडकात एक टाके खोदलेले आहे. डोंगरमाथ्यावरील पाणी वाया जाऊ नये म्हणून कातळात लहान लहान पन्हळी कोरून ते या टाक्यांत उतरविले आहे. जुन्या लेखांत टाक्यास ‘पोढी’ हा शब्द आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या एका सोनाराने एक पोढी दान दिल्याचा लेख येथे आहे. दात्यांत राजघराण्यातील माणसे आहेत तसे व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत आणि कारागीरही आहेत. भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च नित्य चालावा म्हणून कायमचे द्रव्य ठेवून त्याच्या उत्पन्नातून तो भागवावा, अशीही योजना कित्येकांनी केलेली दिसते. त्यास ‘अक्षयनीवी’ असे म्हणत.

या सर्व दात्यांत एकाचा लेख मी दरवर्षी मुलांना आवर्जून सांगतो. कल्याणचा नंद नावाचा एक लोहार. याने गुहा दिली नाही, मूर्ती दिली नाही, टाकेही दिले नाही. त्याचे दान म्हणजे ‘पथो’, अर्थात एक वाट. डोंगर चढणाऱ्याच्या पायांखाली जी असावी लागते, आणि वर पोहोचल्यावर जी कोणाच्या लक्षात राहत नाही, अशी वस्तू त्याने निवडली.

४. प्रश्न

आता तो प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलांसह मी येथे आलो होतो. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील काही लेख आहेत. इसवी सन १००९ व १०२१ या वर्षी येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावे त्यांत कोरलेली आहेत. पश्चिम किनाऱ्यावरील पारशी लोकांच्या प्राचीन वास्तव्याचा हा मोठा मोलाचा पुरावा होय. तो मी मुलांना रंगून सांगितला आणि तुकडी पुढे निघाली.

मोजणी केली तेव्हा एक मुलगा कमी भरला. मागे जाऊन पाहतो तो एका लहान लेण्याच्या ओसरीवर तो भिंतीकडे तोंड करून उभा. कंपासपेटीतील कर्कटकाच्या टोकाने त्याने आपल्या नावाची दोन अक्षरे भिंतीवर कोरली होती आणि तिसरे सुरू होते. मी रागावलो. त्याने हात मागे घेतला. परंतु मान खाली घातली नाही. तो म्हणाला, “सर, त्या पारशी लोकांनी नावे कोरली, त्याला तुम्ही आत्ताच इतिहास म्हणालात. मी कोरले तर तो अपराध कसा? हजार वर्षांनी माझेही नाव इतिहास होईल.”

मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या प्रश्नात तर्क होता, आणि तो तर्क मीच त्याच्या हाती दिला होता. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९५८ सालचा कायदा आहे व अशा कृत्यास त्यात शिक्षा सांगितली आहे, एवढे मी त्यास सांगितले. पण कायदा दाखविणे म्हणजे उत्तर देणे नव्हे, हे आम्हां दोघांनाही कळत होते. शिवाय माझ्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. महाविद्यालयात असताना एका किल्ल्याच्या बुरुजावर मी स्वतः कोळशाने माझे नाव लिहिले होते व खाली सालही घातले होते. ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

“उतरताना सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली.

५. उत्तर

उतरताना आम्ही एका टाक्याच्या काठाशी बसलो. सारी तुकडी भोवती जमली होती. प्रथम मी बुरुजाची हकीकत सांगितली. मुले हसली; तो मुलगा हसला नाही. मग मी जे सांगितले ते असे:

“त्या पारशी मंडळींनी भिंतीवर नावे कोरली ते योग्य केले, असे मी म्हणत नाही. हजार वर्षे लोटली म्हणून कोणतेही कृत्य चांगले ठरत नाही. ते पुरावा मात्र ठरते. तुझी दोन अक्षरेही एक दिवस पुरावा ठरतील. कशाचा, एवढेच पाहावयाचे आहे. ती मंडळी आली तेव्हा हा डोंगर आजच्यासारखा गजबजलेला नव्हता. आज सुटीच्या एका दिवशी येथे किती लोक आले ते तू पाहिलेसच. प्रत्येकाने दोन अक्षरे कोरली तर जुने लेख राहणार नाहीत, आणि ज्या भिंतीवर सर्वांचीच नावे आहेत तिच्यावर कोणाचेच नाव वाचता येणार नाही.”

एवढे बोलून मी थांबलो. पण त्या बैठकीत आणखी एक गोष्ट सांगणे मला भाग होते. कारण आमच्या शाळेच्या दारावर क्रूस आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी येथील मोठ्या चैत्यगृहाचे चर्च केले व त्यास संत मायकेलचे नाव दिले, असे जुन्या वृत्तांतांत आढळते. दुसऱ्याने भक्तीने उभारलेल्या स्थानावर आपले नाव घालणे, ही कर्कटकाच्या टोकाहून पुष्कळ मोठी गोष्ट झाली. ज्यांनी ते केले त्यांची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही; पण आपल्या माणसांनी केले म्हणून ते मुलांपासून लपवीन, तर इतिहास शिकविण्याचा अधिकार मला उरणार नाही. हे मी मुलांना सांगितले. काही वेळ कोणी बोलले नाही.

मग मी त्या मुलाला विचारले, “तू राहतोस कोठे?”

“कल्याणला, सर.”

“म्हणजे नंद लोहाराच्या गावचा. त्याचे नावही या डोंगरावर कोरलेलेच आहे. मग त्याच्यात आणि तुझ्यात भेद कोणता?”

त्याने थोडा विचार केला. “त्याने वाट दिली,” तो म्हणाला.

“आणि तू?”

त्याने उत्तर दिले नाही. मीही आग्रह धरला नाही. आधी दान व मग त्याखाली नाव, असा येथल्या दात्यांचा क्रम आहे; आणि ज्या पाथरवटांनी ही टाकी व ही शंभर लेणी प्रत्यक्ष खोदली, त्यांपैकी बहुतेकांचे तर नावही उरलेले नाही. एवढे त्याच्या ध्यानात आले असावे असे मला वाटले. खडकावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही. ती दोन अक्षरे आजही तेथे आहेत. कोणत्या लेण्यात, ते मी सांगणार नाही.

यंदा मी पुन्हा नववीची तुकडी घेऊन निघालो, तेव्हा बोरीवली स्टेशनावर तो मुलगा उभा होता. दहावी होऊन तो आता दुसऱ्या विद्यालयात शिकतो. त्यास कोणी बोलावले नव्हते; सहलीचा दिवस त्याने आपल्या धाकट्या भावाकडून काढून घेतला होता. “सर, मी शेवटी चालतो,” एवढेच तो म्हणाला. पाण्याची मोठी पिशवी त्याने खांद्यावर घेतली व तो तुकडीच्या मागे राहिला. वरच्या पायऱ्यांशी एका लहानग्याचा पाय मुरगळला. त्यास हाताला धरून त्याने टप्प्याटप्प्याने खाली आणले. त्या दिवशी आमच्यामागे कोणी राहिले नाही आणि आमची एकही बाटली वा कागद मागे राहिला नाही. त्या एका लेण्यापाशी मात्र तो आला नाही. टाक्याच्या काठाशी बसून राहिला.

मित्रहो, सार्वजनिक उद्यान हे कोणा एकाचे नसते, म्हणून पुष्कळांना ते कोणाचेच नाही असे वाटते. वस्तुतः ते पूर्वी देऊन गेलेल्यांचे व पुढे येणाऱ्यांचे असते. आपण मधले वाटसरू. कोणी वाट दिली, कोणी पाणी दिले, कोणी झाडे राखली, तेव्हा आपणास चालावयास मिळाले. चालताना एवढे स्मरण राहिले, तर चालण्याची विद्या आली असे समजावे.

अभ्यासासाठी

(१) सपाट रस्त्यावर शंभर पावले टाकून अंतर मोजा व आपल्या एका पावलाची लांबी काढा. ती ६० सेंटिमीटर भरली, तर सहा किलोमीटरांना किती पावले लागतील?

(२) कारवीचा मागील बहर २०२४ साली आला. पुढील बहर कोणत्या वर्षी अपेक्षित आहे, व त्या वर्षी तुमचे वय काय असेल?

(३) तुमच्या घरी येणारे पाणी कोणत्या तलावाचे वा नदीचे, ते वडील माणसांस विचारून लिहा.

(४) सोपारा, कल्याण, चौल व कान्हेरी ही ठिकाणे नकाशावर दाखवा. व्यापाऱ्यांनी याच डोंगरास दाने का दिली असावीत, याचा विचार करा.

(५) तुमच्या गावातील एखादी वाट, पाणपोई, विहीर किंवा पार कोणी बांधून दिला, याचा शोध घ्या. नाव सापडल्यास लिहा. न सापडल्यास, ते का उरले नसावे, याविषयी पाच ओळी लिहा.